पाणी खेळतं ठेवायचं तर: रीफ टँकचा पंप कसा निवडायचा

दिंडोरीजवळ आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाला दाटला की वडील वेलीत हात घालून बघतात, आत वारा लागतोय का. वारा अडला की पानं ओली राहतात आणि डाऊनी हा रोग शिरतो. मग बगलफुटी (बाजूचे कोंब) काढायच्या, पानं विरळ करायची. बागेत हवा खेळती पाहिजे, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आलोय. पण नाशकात इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये पहिला रीफ टँक, म्हणजे प्रवाळ आणि मासे ठेवायचा मीठपाण्याचा टँक, लावला तेव्हा हे नेमकं माझ्या ध्यानात आलं नाही. खोक्यावरचा लिटरचा आकडा बघितला, सगळ्यात मोठ्या आकड्याचा पंप उचलला आणि लावून टाकला. आठवड्याभरात उजव्या कोपऱ्यातली वाळू उडून खालची काच उघडी पडली. झोतासमोरचं लेदर कोरल (एक मऊ प्रवाळ) आक्रसून एका अंगाला कललं. आणि दगडांच्या मागे, जिथे झोत पोचतच नव्हता, तिथे तपकिरी गाळ साचला आणि त्यावर लाल शेवाळाची साय धरली. पाणी जोरात फिरत होतं, पण खेळत नव्हतं.

नवीन टँक लावणाऱ्याला मी आधी हा फरक सांगतो. पंपाचं नाव त्यानंतर.

पंप लागतो कशाला

मासा पोहत अन्नाकडे जातो. प्रवाळ जागचं हलत नाही, त्यामुळे त्याच्याकडे सगळं पाण्यानेच आणायचं असतं आणि पाण्यानेच न्यायचं असतं. प्रवाळाच्या अंगाला पाण्याचा एक अगदी पातळ, जवळपास स्थिर थर चिकटलेला असतो. प्राणवायू, अन्नाचे कण, कॅल्शियम हे सगळं या थरातून आत जातं आणि टाकाऊ पदार्थ त्यातूनच बाहेर पडतात. आजूबाजूचं पाणी जितकं हलतं, तितका हा थर पातळ होतो आणि देवघेव सोपी होते. दिवसा प्रवाळाच्या पेशींमधली सूक्ष्म शैवालं प्रकाशावर अन्न बनवतात आणि इतका प्राणवायू सोडतात की तो धुवून न्यावा लागतो. नाही नेला तर तोच पेशींना त्रास देतो. रात्री उलट, प्रकाश नसतो आणि सगळेच प्राणवायू ओढत असतात. म्हणून ‘रात्री पंप बंद केला तर चालेल का?’ या प्रश्नाचं उत्तर नाही, असंच आहे. वेग थोडा कमी केला तर चालतो, बंद नको.

त्यातून खारं पाणी मुळातच कमी प्राणवायू धरतं. २६ अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात ७ च्या आतच. पाणी तापलं की तो आणखी घटतो. पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता असेल तरच हवेतला प्राणवायू आत शिरत राहतो. लाइव्ह रॉकमधल्या (टँकमध्ये ठेवलेल्या, जिवाणूंनी भरलेल्या दगडांमधल्या) ज्या जिवाणूंवर टँकची सगळी सफाई अवलंबून असते, त्यांनाही हाच प्राणवायू लागतो.

आता एक गोंधळ इथेच मिटवू. टँकखाली संप, म्हणजे पाणी गाळायचा दुसरा टँक, असेल तर त्यातून पाणी वर चढवणारा पंप वेगळा, त्याला रिटर्न पंप म्हणतात. विहिरीवरच्या मोटारीसारखंच त्याचं काम असतं, म्हणून तिथे हेड बघावं लागतं: किती फूट उंचीवर किती लिटर पाणी मिळेल. आपण निवडतोय तो सर्क्युलेशन पंप, ज्याला बाजारात वेव्हमेकर किंवा पॉवरहेड म्हणतात. तो पाणी चढवत नाही, टँकमधलंच पाणी टँकमध्ये ढकलतो. त्याला हेड नसतं. माझ्याकडे विचारायला येणारे निम्मे शेतकरी घरचे असतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न हेडचाच असतो.

१. टँकमधलं खरं पाणी मोजा

नाशकात सहज बनवून मिळणारा टँक घेऊ: ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. गुणाकार केला तर ६.७५ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे साधारण १९१ लिटर. पण टँक काठोकाठ भरत नाही, खाली वाळू असते, मध्ये दगड असतात. खरं पाणी १५० लिटरच्या आसपास धरा. हिशेब याच आकड्यावर करायचा.

२. आत काय ठेवणार ते आधी ठरवा

पंप विकत घ्यायच्या आधी हे ठरलेलं असावं, कारण प्रत्येक प्रवाळाला प्रवाह वेगळा लागतो. छंदी लोकांचा ठोकताळा असा आहे: मऊ प्रवाळांना ताशी टँकच्या पाण्याच्या १० ते २० पट, मोठ्या मांसल पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे प्रवाळाचा एकेक छोटा जीव) कठीण प्रवाळांना २० ते ३० पट, आणि फांद्यांच्या बारीक पॉलिपवाल्या कठीण प्रवाळांना ३० ते ५० पट किंवा त्याहूनही जास्त.

मी नवशिक्याला मऊ प्रवाळंच सुचवतो. एक कारण म्हणजे ती चुका सोसतात. दुसरं कारण कायद्याचं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली २००१ पासून आपल्याकडे कठीण सांगाड्याची रीफ बांधणारी सगळी प्रवाळं, काळी प्रवाळं, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी-फॅन संरक्षित आहेत. मालवणला सुट्टीत स्नॉर्केलिंग करताना दिसलेला तुकडा खिशात घालून आणायचा नाही, मेलेलाही नाही. तिथला किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. दुकानदाराकडूनही काही घेताना ते कुठून आलं याचे कागद मागा. कागद दाखवायला जो कां कूं करतो, त्याच्याकडून मी काहीच घेत नाही. माझ्या टँकमध्ये मशरूम, झोअँथिड, लेदर, झेनिया आणि ग्रीन स्टार पॉलिप एवढंच आहे आणि त्यात मी सुखी आहे.

याच पाचांच्या सवयी बघा. मशरूमला संथ पाणी आवडतं, जोरात लागलं तर ते दगड सोडून वाहत जातं. झोअँथिडला मध्यम, अंगावर सरळ झोत आला की ते मिटून बसतं. झेनिया मध्यम प्रवाहात पंजे उघडझाप करतं. ग्रीन स्टार पॉलिपला जोर चालतो. लेदर कोरल मधूनच काही दिवस मिटतं आणि अंगावरचा मेणासारखा पापुद्रा टाकतं. पाणी नीट लागत असेल तर तो पापुद्रा धुऊन जातो, नसेल तर त्याखाली कुजायला सुरुवात होते. म्हणजे एकाच टँकमध्ये संथ, मध्यम, जोराचा असे तिन्ही पट्टे तुम्हाला हवे आहेत. सगळीकडे सारखाच जोर असलेला टँक मऊ प्रवाळांना नको असतो.

३. गुणाकार करा, मग दोनाने भागा

१५० लिटरला २० पट म्हणजे ताशी ३००० लिटर. बहुतेक जण इथे थांबतात आणि ३००० चा एक पंप घेतात. मी म्हणतो, १५०० ते २००० चे दोन घ्या.

एका पंपाचा झोत एकाच दिशेने जातो. समोरच्या काचेवर आपटतो, वळतो, आणि पुढे दगड आले की त्यांच्या मागे सावली तयार होते. बागेत एकाच बाजूने वारा आला की ओळीच्या आतला पाला कोरडा होत नाही, तसंच हे. दोन पंप समोरासमोरच्या काचांवर लावले तर दोन झोत मध्ये कुठेतरी भिडतात, फुटतात, आणि त्या फुटलेल्या पाण्याची दिशा सतत बदलत राहते. प्रवाळाला हेच हवं असतं. समुद्रातही लाट येते नि परतते, एकाच बाजूने पाइप लावल्यासारखं पाणी तिथे येत नाही. शिवाय एक पंप बंद पडला तरी दुसरा टँक जगवतो. या एका कारणासाठीसुद्धा मी दोन पंप घेईन.

आकड्याबाबत एक सावधगिरी. खोक्यावरचा लिटरचा आकडा नव्याकोऱ्या, स्वच्छ, उघड्या पंपाचा असतो. त्यावर जाळी बसवली, महिन्याभराचं शेवाळ चढलं, की तो घटतो. म्हणून हिशेबापेक्षा थोडा मोठा आणि वेग कमी-जास्त करता येणारा पंप घ्या. मोठा पंप हळू चालवता येतो. लहान पंप मात्र त्याच्या कुवतीबाहेर पळवता येत नाही.

४. झोताचा आकार बघा

माझी पहिली चूक इथेच झाली होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुन्या पद्धतीच्या पॉवरहेडला पुढे अरुंद नळी असते. त्यातून पाणी पिचकारीसारखं बाहेर पडतं. आकडा १००० लिटर असला तरी ते सगळं बोटभर रुंदीच्या धारेतून जातं. जवळचं प्रवाळ त्या धारेने फाटू शकतं, आणि वीतभर बाजूला मात्र पाणी हलतही नाही. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये फिल्टर चालवायला ते ठीक, रीफला नाही.

प्रोपेलर पंपाला पुढे मोठं, गोल, जाळीचं तोंड असतं आणि आत पंख्याच्या पात्यासारखा प्रोपेलर. तो तेवढंच पाणी रुंद पंख्यासारखं पसरून ढकलतो. हात समोर धरला तर धार लागत नाही, मऊ रेटा लागतो. इटलीच्या हायडोरचे कोरालिया, जर्मनीच्या ट्यून्झेचे स्ट्रीम, चीनच्या जेबाओचे वेव्हमेकर हे सगळे याच जातीचे. नवशिक्याने हाच प्रकार घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा प्रकार आडव्या लांब रोटरचा. मॅक्सस्पेक्टच्या जायरमुळे तो ओळखीचा झाला. तो टँकच्या रुंदीभर पाण्याची पातळ चादर पृष्ठभागाखालून पाठवतो. समोरच्या काचेवरून ती खाली वळते आणि तळावरून परत येते. लांब, दगडांची मांडणी मोकळी असलेल्या टँकमध्ये हे फार छान चालतं. दीड-दोन फुटी टँकमध्ये त्याचा जोर अंगावर येतो.

आणखी एक प्रकार: मोटार काचेच्या बाहेर, प्रोपेलर आत, दोन्ही मधल्या काचेतून चुंबकाने जोडलेले. इकोटेकचा व्हॉर्टेक असा आहे. त्यात वायर पाण्यात जात नाही आणि मोटारीची उष्णता पाण्यात न जाता खोलीत जाते. महाग असतो. पण मे महिन्याच्या दृष्टीने त्याचं हे वैशिष्ट्य मोलाचं आहे.

५. वॅट, उष्णता आणि नाशिकचा मे महिना

नाशिकची हवा चांगली म्हणतात ते खरं, पण एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या आसपास जातोच. रीफचं पाणी २४ ते २७ अंशांत ठेवायचं असतं. पंप जेवढे वॅट खातो, तेवढी उष्णता शेवटी पाण्यातच जाते, कारण ढकललेलं पाणीही घर्षणाने थांबतं आणि तापतं. आपल्या १५० लिटरच्या टँकमध्ये १० वॅटचा पंप दिवसभर चालला आणि बाहेर काहीच उष्णता गेली नाही असं धरलं, तर पाणी साधारण दीड अंशाने चढेल. ४० वॅटचा असेल तर साडेपाच अंशांनी. प्रत्यक्षात काच आणि पृष्ठभागातून बरीच उष्णता निघून जाते, पण कुठला पंप घ्यायचा हे कळायला एवढा हिशेब पुरतो.

म्हणून दोन पंप सारखं पाणी देत असतील तर कमी वॅटचा घ्या. वीजबिलही वाचतं: १० वॅटचा पंप चोवीस तास चालला तर ३० दिवसांत ७.२ युनिट होतात. मे महिन्यात पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर आपल्या कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं आणि दोन-तीन अंश सहज उतरतात. उडालेलं पाणी रोज आरओच्या गोड्या पाण्याने भरा. मीठ उडत नाही, फक्त पाणी उडतं, त्यामुळे खारं पाणी घातलं तर क्षार वाढत जातात. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग कमी होतो, हे लक्षात असू द्या.

६. एसी की डीसी

एसी पंप सरळ सॉकेटला लागतो, स्वस्त असतो, वर्षानुवर्षं चालतो, पण बहुतेकांचा वेग एकच. परदेशातून कुणी आणून देत असेल तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलंय का ते वाचा. अमेरिकेतला एसी पंप ११५ व्होल्टचा असतो, आपल्याकडे लावला तर जळेल.

डीसी पंपाला मध्ये अडॅप्टर आणि कंट्रोलर असतो, १२ किंवा २४ व्होल्टवर चालतो. वेग बदलता येतो. लाटेसारखा कमी-जास्त होणारा, अधूनमधून थांबणारा, रात्री मंदावणारा असे प्रकार असतात, आणि खाणं घालताना दहा मिनिटं थांबवायचं बटण असतं. ते दहा मिनिटांनी आपोआप परत सुरू होतं, हे फार महत्त्वाचं. स्विच हाताने बंद केलेला पंप चालू करायला माणूस विसरतो.

मी डीसी सुचवतो, आणि त्याचं मुख्य कारण लाटा नाही. कारण आहे लाइट जाणं.

वळवाच्या पावसात एकदा आमच्याकडे रात्री लाइट गेली ती पहाटे आली. तेव्हा माझ्याकडे दोन एसी पंप होते. लाइट आल्यावर पंप चालू होतील म्हणून मी निश्चिंत झोपलो. सकाळी बघतो तर एक पंप नुसता घुं घुं करतोय, फिरत नाहीये, आणि दुसरा गप्प. मासे पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होते. रॉयल ग्रामा नावाचा मासा गेला होता. पंप उघडले तर आतल्या दांड्यावर आणि चुंबकावर चुनखडीसारखा पांढरा थर. चालू असताना त्या थरासकट ते फिरत होते. एकदा थांबल्यावर मात्र पुन्हा सुरू व्हायला जो झटका लागतो, तो त्यांना मारता आला नाही. लहान एसी मोटारी सुरू होताना पुढे-मागे झटके देऊन दिशा पकडतात, आणि थोडंसं अडलं तरी तिथेच कुथत राहतात.

तेव्हापासून दुकानात पंप घेताना मी बादलीत पाणी मागतो. पंप पूर्ण बुडवायचा, प्लग दहा वेळा काढायचा नि लावायचा. दहाच्या दहा वेळा तो एका क्षणात सुरू झाला पाहिजे. अडखळला, उलटा फिरला, खडखडला तर दुसरा नग मागायचा. ही परीक्षा घेऊ न देणाऱ्या दुकानातून घेऊ नका. दर महिन्याला घरीही ती करा.

आता बॅकअप. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का बघा. स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुणगुणतात आणि तापतात. इन्व्हर्टर नसेल आणि पंप १२ व्होल्टचा डीसी असेल तर छोटी बॅटरीही पुरते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची यूपीएसची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून निम्मी धरा: ४२. पंप मंद करून ५ वॅटवर चालवला तर आठ तास. रात्र निघून जाते. २४ व्होल्टचा पंप १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावायच्या आधी माहितीपत्रकात तसं चालतं असं लिहिलंय का ते बघा, अंदाजाने जोडू नका. आणि हे काहीच जमत नसेल तर सेलवर चालणारा एअर पंप आणि एअर स्टोन तरी कपाटात ठेवा. थोडी हवा, थोडी हालचाल, एवढ्यावर मासे तगतात.

७. खोक्यावरचं बाकीचं वाचन

पंप खाऱ्या पाण्यासाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. दांडा सिरॅमिकचा असावा. लोखंडी गंजतो, आणि पितळेचा किंवा तांब्याचा कुठलाही भाग पाण्यात उतरू देऊ नका, कारण तांबं प्रवाळ, कोळंबी आणि शंखवर्गीय सगळ्यांना मारतं.

चुंबकाचा ब्रॅकेट किती मिलिमीटर काचेपर्यंत धरतो ते बघा. नाशकात टँक बनवणाऱ्याला तुमची काच ८ ची आहे की १२ ची ते विचारून घ्या. चुंबक बसवताना मध्ये वाळूचा कण अडकला की काचेवर कायमचा ओरखडा उमटतो. बोटंही सांभाळा, मोठे चुंबक चिमटा काढतात.

वायरला ड्रिप लूप द्या, म्हणजे ती सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबली पाहिजे आणि मग वर सॉकेटला गेली पाहिजे. वायरवरून ओघळणारं खारं पाणी त्या झोळीच्या टोकाला थेंब थेंब खाली पडतं, सॉकेटमध्ये जात नाही. घराच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, नसेल तर पंपाच्याही आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. टँकमध्ये हात घालायच्या आधी प्लग काढायचा, कितीही घाई असली तरी.

अॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव) ठेवायचा विचार असेल तर पंपावर जाळी आणि तीवर स्पंजचं कव्हर लागेलच. अॅनिमोन जागा आवडली नाही की चालू लागतो, आणि उघड्या पंपात ओढला गेला तर त्याचे तुकडे होऊन सगळा टँक एका दिवसात नासतो. स्पंज मात्र दर दोन-तीन दिवसांनी पिळावा लागतो, नाहीतर प्रवाह निम्मा होतो.

खरेदीला आपल्यातले बरेच जण कसारा उतरून मुंबईला, कुर्ल्याच्या बाजारात जातात. जरूर जा, पण घेण्याआधी एकच विचारा: याचा इंपेलर, म्हणजे आत फिरणारा पात्यांचा भाग, सुटा मिळतो का? जागीच जास्तीचा घेऊन ठेवा. इंपेलर मिळत नसेल तर तो पंप कितीही स्वस्त असला तरी वर्षा-दोन वर्षांनी टाकायचाच आहे.

८. लावा, बघा, हलवा

दोन पंप समोरासमोरच्या आखूड काचांवर, पृष्ठभागापासून चार-पाच इंच खाली, एक थोडा मागे आणि एक थोडा पुढे असे लावून सुरुवात करा. नेमके तोंडासमोर तोंड नकोत. एकाचं तोंड जरा वर करा, म्हणजे पृष्ठभागावर सुरकुत्या उठतील. सुरकुत्या हव्यात, शिंतोडे नकोत. शिंतोडे उडाले की काचेच्या कडांवर आणि दिव्यावर मीठ साठतं. पंप हवा ओढत असेल आणि पाण्यात बारीक बुडबुडे दिसत असतील तर तो खाली घ्या.

मग बघायला बसा. आर्टेमियाचं (कोळंबीसारख्या बारीक जीवांचं) गोठवलेलं खाणं वितळवून थोडंसं टाका आणि कण कुठे जातात ते बघा. जिथे कण गोल फिरून तसाच खाली बसतो, ती मेलेली जागा. तिथे दोन आठवड्यांत गाळ धरणार. पंप हलवण्याआधी दगड हलवून बघा. बहुतेकदा दगडांची भिंत मागच्या काचेला चिकटवलेली असते. ती चार बोटं पुढे घेतली आणि मध्ये एखादी कमान ठेवली की मागूनही पाणी वाहतं. वडील वेलीतली पानं काढतात, तसा मी दगड काढतो. माझ्या मावसभावाच्या सिडकोतल्या टँकला तिसरा पंप घ्यायचं ठरलं होतं. दोन दगड काढले आणि दोन पंपांतच काम झालं.

वाळू उडत असेल तर झोत वर करा. पिठासारखी बारीक वाळू घेतली असेल तर ती उडतच राहणार, एक-दोन मिलिमीटर दाण्याची घ्यावी. प्रवाळांकडे बघा: पॉलिप आळीपाळीने इकडे-तिकडे डुलत असतील तर छान. सतत एकाच बाजूला वाकलेले असतील तर झोत सरळ अंगावर येतोय. काहीच हलत नसेल तर कमी पडतोय. मशरूमना दगडाच्या आडोशाला खाली ठेवा, स्टार पॉलिपना वर.

नवा पंप पहिल्या दिवशी पूर्ण वेगात सोडू नका. आधीच्या संथ पाण्याला सरावलेली प्रवाळं एकदम मिटतात. ४० टक्क्यांनी सुरू करा, दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं वाढवा, आणि दर वेळी बदल केल्यावर निदान आठवडाभर हात लावू नका. लेदरसारखं कोरल मत द्यायला तेवढा वेळ घेतंच.

९. धुणं

दर दोन-तीन महिन्यांनी पंप काढून, सुटे भाग करून, पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन त्यात बुडवा. व्हिनेगरचा वास घरात नको असेल तर लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे लिंबूसत्त्व चालतं. चुन्याचा थर बुडबुडे येत विरघळतो. तासाभराने जुन्या टूथब्रशने इंपेलरची पोकळी, दांडा आणि चुंबक घासा, साध्या पाण्यात खळखळून धुवा. साबण नको, मागे राहिलेला थेंबही टँकला नडतो. परत लावताना रबरी बुश दोन्ही टोकांना नीट बसलेत का बघा, ते हरवले की पंप खडखडतो. दोन्ही पंप एकाच दिवशी धुवायला काढू नका, एक धुऊन चालू झाल्यावर दुसरा काढा. माझे धुण्याचे महिने ठरलेले आहेत: पाडव्याच्या सुमाराला, पाऊस लागण्याआधी, गणपतीनंतर आणि थंडीच्या तोंडावर. पावसाच्या आधीचं धुणं मी कधीच पुढे ढकलत नाही, कारण लाइट जाण्याचे दिवस तिथूनच सुरू होतात. धुऊन झालं की पंप बादलीत घालून प्लग दहा वेळा काढतो नि लावतो, आणि मगच टँकमध्ये सोडतो.